‘पर्यावरण’ हा शब्द न वापरता निवडणूक कशी अभ्यासायची

दर जूनमध्ये एम.ए. झालेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. “मॅडम, मला विधानसभा निवडणुका आणि पर्यावरण यावर पीएच.डी. करायचीय, सुरुवात कुठून करू?” तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच काढते. मी मूळची लांज्याची. पुण्यात राज्यशास्त्र शिकवते, त्यातली पहिली सात वर्षं तासिका तत्त्वावर. संशोधन म्हणाल तर एकाच मतदारसंघात अडकून पडलेय: २६७, राजापूर. तेव्हा उदाहरणं तिथलीच येणार.

सगळ्यात आधी प्रश्नावलीतून ‘पर्यावरण’ हा शब्द खोडून टाका. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत तो होता, रोजगार आणि महागाईच्या खाली, पर्याय (इ) म्हणून. राजापूरजवळच्या एका आंबा बागायतदाराने तो वाचला आणि कागद परत दिला. “पर्यावरण पोरांच्या पुस्तकात असतं बाई. मला कलमांचं विचार.” कलमांचं विचारलं तर गडी दीड तास बोलला. मोहरावर धूळ बसली तर काय होतं, खाडीत गरम पाणी सोडलं तर मासळी कुठे जाते, एका सातबाऱ्यावर चाळीस नावं असताना मोबदला कुणाच्या खात्यात पडणार, आणि शेवटी मुंबईतल्या चुलतभावाने सही केली का नाही. हे सगळं पर्यावरणाचं राजकारणच आहे, फक्त ते नाव घेऊन येत नाही. सर्वेक्षणात ‘पर्यावरण’ हा मुद्दा कायम तळाला दिसतो आणि मग लोकांना त्याचं काही पडलेलं नाही असा निष्कर्ष निघतो. त्याच्याशी भांडायला निघालात तर पहिलं काम म्हणजे जमीन, पाणी, होडी, कलम यांचे प्रश्न वेगवेगळे विचारणं.

आता आकडे. मतदारसंघाच्या निकालावर समाधान मानणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. तुम्हाला लागतो तो फॉर्म २०, म्हणजे मतदान केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रक. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो, बहुतेक वेळा तिरक्या स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात. मधेच एखादं पान उलटं, एखाद्या रकान्यावर शिक्का. उमेदवारांची नावं जुन्या फॉन्टमध्ये असली तर कॉपी केल्यावर नुसता चिखल हाती येतो. यंत्राने वाचून घ्या, पण प्रत्येक पानाची बेरीज हाताने ताडा. मी दोन उन्हाळे यात घालवलेत, आणि खरं सांगते, मतदारसंघ मला कळला तो याच कामात. कुठल्या वाडीत अपक्षाला एकगठ्ठा मतं पडतात हे टंकताना बोटांना कळतं. संपूर्ण मतदारसंघाचे जुने निकाल हवे असतील तर अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरने ते नीट लावून ठेवलेत. तेवढं पुन्हा करत बसू नका.

इथे माझी फजिती सांगते. एका चर्चासत्रात मी २००९ आणि २०१४ ची केंद्रं क्रमांकाला क्रमांक जोडून मांडली. एका किनारी गावात मतं कशी फिरली याचा छान आलेख होता. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. “बाई, तुमची ही शाळा आमच्या गावात नाही, खाडीपलीकडे आहे.” केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीत सरकतात. मतदार वाढले की केंद्र फुटतं, शाळा पडकी झाली की हलतं. क्रमांक विसरा. प्रत्येक निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी घ्या, त्यात केंद्राखाली कुठल्या वाड्या येतात ते वाचा आणि गाव हा धागा धरून जोडा. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकायला महिना पुरतो. आणि मागे जाताना २००९ पाशी थांबा. २००८ च्या पुनर्रचनेनंतर महाराष्ट्रात नव्या सीमांवर झालेली ती पहिली विधानसभा. २००४ चं ‘राजापूर’ वेगळं होतं, नाव तेच असलं म्हणून काय झालं.

राजापूरच का? तिथला घटनाक्रमच असा आहे. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी मे २०१० मध्ये झाली, नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी आली, डिसेंबरात फ्रान्सशी करार. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा, आणि १८ एप्रिलला साखरी नाटे इथे पोलीस गोळीबारात एक मच्छीमार गेला. म्हणजे २००९ ची निवडणूक ही प्रकल्पाचा वाद पेटण्याआधीची शेवटची पाटी. मग २०१७ मध्ये नाणारची रिफायनरी आली, वर्षाला ६ कोटी टन क्षमतेची. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवसेना-भाजप युती जाहीर करताना ती नाणारहून हलवण्याचं ठरलं. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातली बारसूची जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर (कातळपठारावर) मातीपरीक्षणासाठी यंत्रं चढली तेव्हा ठाकरे रिफायनरीच्या विरोधकांच्या बाजूला होते, आणि त्यांचेच आमदार राजन साळवी रिफायनरीच्या समर्थनात. साळवी २००९, २०१४, २०१९ असे तीनदा निवडून आले होते. २०२४ मध्ये ते शिंदे गटाच्या किरण सामंत यांच्याकडून पडले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःच शिंदे गटात गेले.

आता मला सांगा, या मतदारसंघात रिफायनरी नको असलेल्या माणसाने २०२४ ला कुठलं बटण दाबायचं? विद्यार्थी इथेच घसरतात. निकाल पाहून “लोकांनी रिफायनरीला कौल दिला” किंवा “नाकारलं” असं लिहून मोकळे होतात. शिवसेना फुटली होती, लाडकी बहीणचे १५०० रुपये महिन्याला खात्यात येत होते, पालकमंत्र्यांचा भाऊ (किरण सामंत) रिंगणात होता. यातलं काय किती चाललं हे मतदारसंघाच्या एका आकड्यातून देवालाही सांगता येणार नाही.

मग करायचं काय? एकाच मतदारसंघातली दोन टोकं ताडून बघा. राजापूर मतदारसंघात लांजाही येतो. उमेदवार तेच, चिन्ह तेच, प्रचाराची गाडी तीच. पण प्रकल्पाची झळ आहे ती नाटे, माडबन, बारसू, सोलगाव या बाजूला. झळ लागलेल्या गावांतली मतं २००९ पासून कशी हलली आणि लांज्याच्या घाटाकडच्या गावांतली कशी, यातला फरक बघायचा. नुसती २०२४ ची तुलना कामाची नाही, कारण किनारा आणि घाटाकडचा भाग आधीपासूनच वेगळे आहेत. किनाऱ्यावर मुस्लिम मच्छीमार वस्ती, वर मुंबईच्या मनिऑर्डरवर चाललेली घरं. म्हणून पातळी नाही, हालचाल मोजायची. फरक सापडला नाही तर रडू नका. “हजारोंचा मोर्चा निघतो, पण मत हलत नाही” हाही प्रबंधच आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड.

नोटाच्या मोहात पडू नका. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजारांहून जास्त मतं पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला. तिथे कुठलाही प्रकल्प नव्हता. समोरचा उमेदवार पसंत नसला की असंही होतं. नोटा वाढला म्हणजे आंदोलन मतपेटीत उतरलं, असं लिहायच्या आधी त्या गावातल्या चार माणसांना विचारून या.

कागद तीन ठिकाणी मिळतात, आणि ते निवडणुकीच्या पुस्तकांत कुणी सांगत नाही. एक, जनसुनावणीचं इतिवृत्त. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे सुनावणीचं चित्रीकरणही करावं लागतं. माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दोन्ही मागा. कोण उठून काय बोललं आणि कुठला सरपंच गप्प बसला हे तिथे दिसतं. पुढच्या जिल्हा परिषदेला त्यातली कुठली नावं उमेदवार म्हणून येतात ते बघा. दोन, उमेदवाराचं शपथपत्र, फॉर्म २६. त्यात शेतजमीन गट क्रमांकासह असते आणि विकत घेतलेली असेल तर खरेदीची तारीखही. तीन, तलाठ्याकडचे फेरफार. प्रकल्पाची अधिसूचना निघायच्या आधीच्या वर्षात कातळ कोणी घेतला हे त्यात असतं. तिन्ही कागद शेजारी ठेवले की चहा थंड होतो.

राजापूरच घ्या असा माझा हट्ट नाही. मराठी माणसाला गोवा जवळ आहे आणि अभ्यासाला सोन्यासारखा. ४० मतदारसंघ, एकेकात पंचवीस-तीस हजार मतदार, म्हणजे एक वाडा (वस्ती) फिरला तरी निकाल हलतो. तिथे वारं उलट दिशेनेही वाहतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले तेव्हा रस्त्यावर उतरले ते ट्रकमालक, बार्जवाले, खाणकामगार. पर्यावरणाचं राजकारण म्हणजे प्रकल्पविरोध, हे डोक्यातलं समीकरण सावर्डे-डिचोली फिरलात की आपोआप सुटतं. आणखी मोठा पट हवा असेल तर पश्चिम घाट आहे. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतोय. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौ. किमी आहेत. अंतिम काही होत नाही. का होत नाही, हा अख्खा प्रबंधाचा विषय रस्त्यात पडलाय, कुणीतरी उचला.

पोटापाण्याचं. नेट किंवा सेट काढाच. २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची नाही, पण मुलाखतीत समोर पीएच.डी.वालेच बसलेले असतात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, म्हणजे पाच वर्षं तुम्ही माणसात. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या बघा, अर्जाच्या तारखांवर डोळा ठेवा. तासिका तत्त्वाची नोकरी धरली तर एक अट स्वतःला घाला: आठवड्यात एक पूर्ण दिवस प्रबंधाचा. मी घातली नाही, आणि एका महाविद्यालयात परीक्षा, नॅक आणि स्नेहसंमेलनाची सगळी कामं गळ्यात घेऊन दोन वर्षं घालवली. मानधन मात्र आठ-आठ महिने अडकायचं.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा एक बघा: त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी किती वर्षांत प्रबंध दिला. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेच्या ‘लोकनीती’च्या मतदानोत्तर सर्वेक्षणांत क्षेत्रीय तपासनीस म्हणून काम मिळालं तर सोडू नका. अनोळखी दार वाजवून वीस मिनिटं बोलायला शिकवणारी दुसरी शाळा नाही. लेख इंग्रजीत लागतातच, ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली) किंवा ‘स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स’मध्ये आला तर उत्तम. पण मराठीतही लिहा. ज्या गावाने तुम्हाला आकडे समजावले त्याला तुमचा लेख वाचता आला पाहिजे. २०२० च्या ईआयए मसुद्याची गंमत आठवा: आधी तो इंग्रजी-हिंदीतच आला, आणि भाषांतरं करा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

वहीत नावं लिहू नका. मी गावाला एक अक्षर आणि माणसाला एक आकडा देते, त्याची किल्ली वेगळ्या घरात ठेवते. आंदोलनातल्या लोकांवर केसेस आहेत. तुमची वही कुणाच्या हाती पडली तर तुम्ही पुण्याला परत जाल, ते तिथेच राहणार.

कधी जायचं? ऐन प्रचारात नको, तेव्हा प्रत्येक जण उमेदवाराच्याच भाषेत बोलतो. मे महिन्यात जा, नाहीतर गणपतीत किंवा शिमग्याला, कारण सातबाऱ्यावरची मुंबईतली नावं तेव्हाच घरी सापडतात. एसटीचं आरक्षण मात्र आधी करा. आणि शिमग्यात गेलात तर पालखी दारी येऊन जाईपर्यंत कुणाला काही विचारू नका. ती पुढच्या घरी गेली की ओटीवर जागा करून देतात, वही तेव्हा काढा.