सोलापुरातून बरोक संगीतात शिरायचं तर

बरोक म्हणजे साधारण 1600 ते 1750 मधलं युरोपीय संगीत: कोरेल्ली, टेलेमान, हँडेल, बाख या रचनाकारांचं. हे संगीत त्या काळच्या वाद्यांवर आणि त्या काळच्या रीतीने वाजवणाऱ्यांना युरोपात वेगळं काम आहे. तिथे एकल वादकापेक्षा चांगल्या साथीदाराला बोलावणी लवकर येतात. वाद्य कुठलं घ्यायचं, रियाज कशाचा करायचा, पैसे कुठे घालायचे, हे सगळं यावरून ठरवावं.

आधी पट्टी. आजचा ए (पाश्चात्त्य सप्तकातला एक स्वर, याच्यावरून वाद्यं लावतात) 440 हर्ट्झचा असतो. बरोक मंडळी तो बहुधा 415 ला लावतात, म्हणजे जवळपास अर्धा स्वर खाली. आपल्या भाषेत, पेटीची काळी चार हा त्यांचा ए. मात्र घरातली जुनी पेटी नेमकी 440 ची आहे असं धरून चालू नका, मोबाइलवरच्या ट्यूनरने तपासा. मग तानपुरा काळी चारला लावा आणि खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ऐका. तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला असतो (अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट). मीनटोन नावाच्या जुन्या लावणीतल्या एका प्रसिद्ध प्रकारात नेमका हाच गंधार धरतात. पियानोवर वाढलेल्या विद्यार्थ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला तो आधीच ओळखीचा असतो.

हा कान कामाचा आहे, गळ्यातल्या सवयी मात्र बाजूला ठेवाव्या लागतात. मींड आणि मुरकी इथे चालत नाही. ट्रिल (शेजारचे दोन स्वर भराभर आलटून पालटून वाजवणं) बहुधा वरच्या स्वरावरून आणि ठोक्यावर सुरू होते. क्वांट्झचा बासरीवरचा ग्रंथ (1752) आणि सी. पी. ई. बाख यांचा कीबोर्डवरचा ग्रंथ (पहिला भाग 1753) हे दागिने कुठे, किती आणि का, ते सविस्तर सांगतात. दोन्ही इंटरनेटवर मोफत मिळतात.

आता खरं काम: कंटिन्युओ, म्हणजे बरोकमधली साथ. खर्जाची एक ओळ, तिच्यावर आकडे, आणि उजव्या हाताने तिथल्या तिथे स्वरसंगती भरायची. आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा स्वर, 6 असेल तर तिसरा आणि सहावा, 4–3 असेल तर चौथा धरून तिसऱ्यावर सोडायचा. हे पेटीवर जमत नाही, कारण डावा हात भात्यावर अडकतो आणि खर्ज वाजवायला हातच उरत नाही. 61 पट्ट्यांचा कीबोर्ड घ्या. ट्रान्सपोज उणे 1 करा, म्हणजे 415 ची पट्टी मिळाली. आवाज हार्प्सिकॉर्डचा (त्या काळचं पट्ट्यांचं वाद्य) निवडा आणि टच सेन्सिटिव्हिटी (जोरात दाबलं की आवाज वाढायची सोय) बंद करा. हार्प्सिकॉर्डची तार छेडली जाते, त्यामुळे पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही. ही सोय चालू राहिली तर हाताला चुकीची सवय लागते आणि ती खऱ्या वाद्यावर पहिल्याच दिवशी उघडी पडते.

सुरुवात कोरेल्लीच्या ऑपस 5 या व्हायोलिन सोनाटांच्या संग्रहातल्या (1700) संथ भागांपासून करा. रोज आठ मापं (बार, म्हणजे लिखित संगीतातले छोटे तालखंड) पुरेत, पण तीच आठ मापं तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत. पहिल्या महिन्यात बहुतेकांची एकच चूक होते: उजवा हात खर्जाच्या मागे मागे त्याच दिशेला सरकतो आणि समांतर पंचम तयार होतात (दोन ओळी पंचमाचं अंतर धरून एकत्र सरकतात, या शैलीत हा दोष मानतात). खर्ज चढला की उजवा हात उतरवा. पुढे व्हायोलिनवाला श्वास घेईल तिथे स्वर कमी करायला शिका. ठेका भरणारा तबलजी आणि गायकाला जागा देणारा तबलजी, यांतला फरक इथेही तोच आहे.

व्हायोलिनवाल्यांनी आतड्याच्या तारा लावाव्यात, चिनरेस्ट (हनुवटी टेकायचा भाग) काढावा, आणि तार बदलण्याआधी बरोक बो (गज) घ्यावा. निम्मं शिक्षण तोच देतो. ई तार साधारण 0.62 मिलिमीटरची असते आणि सगळ्यांत आधी तीच तुटते, बहुधा नटच्या (खुंट्यांजवळची तारा टेकायची पट्टी) खाचेत. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा आणि तीन जास्तीच्या तारा जवळ ठेवा. तारेचे सुटलेले धागे ओढू नका, नेलकटरने कापा. सोलापूरचा एप्रिल-मे वेगळाच त्रास देतो. बाहेर 40 च्या वर तापमान आणि कोरडी हवा, तर घरात कूलर. कूलरसमोर बसून लावलेलं वाद्य दुसऱ्या खोलीत नेलं की उतरतं किंवा चढतं. रियाजाची खोली कूलरपासून दूर ठेवा, व्हायोलिनच्या पेटीत आर्द्रतामापक ठेवा, आणि आकडा 45 ते 55 टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा.

रेकॉर्डर (युरोपातली उभी धरायची बासरी) घेणार असाल तर बरोक फिंगरिंगचाच (भोकांवर बोटं ठेवायची पद्धत) घ्या. जर्मन फिंगरिंग सुरुवातीला सोपं वाटतं, पुढे अर्ध्या स्वरांत फसवतं. यामाहाचा वायआरएस-24बी हा छोटा सोप्रानो रेकॉर्डर प्लास्टिकचा आहे, पण सुरात आहे. खऱ्या रचना मात्र एफ स्वरातल्या, त्याहून मोठ्या आल्टो रेकॉर्डरसाठी आहेत.

गुरू शहरात मिळणं अवघड. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला जाऊन त्याच दिवशी परतता येतं. पंधरा दिवसांतून एक प्रत्यक्ष धडा आणि मध्ये ऑनलाइन, असं बसवा.

प्रवेशासाठी स्वित्झर्लंडमधल्या बासेलची स्कोला कान्टोरुम (स्थापना 1933), आणि हेग, ॲम्स्टरडॅम, ब्रेमेन इथली संगीत महाविद्यालयं पाहा. जर्मनीत अनेक सरकारी संगीत महाविद्यालयांत शिक्षण शुल्क नसतं. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. शिवाय जर्मन व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात (सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा, अर्ज करताना पुन्हा तपासा). अर्जासोबतचा व्हिडिओ एका दमात, विनासंपादन घ्या. एक इटालियन आणि एक फ्रेंच धाटणीची रचना असू द्या. आणि भिंतींना चादरी लावून आवाज मारू नका! या संगीताला घुमणारी खोली लागते. फरशीचा रिकामा हॉल किंवा परवानगी मिळाली तर चर्च उत्तम.

तोवर पोटाचं काय? ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षांचे विद्यार्थी हाच भरवशाचा उद्योग. निव्वळ बरोकवर सोलापुरात घर चालणार नाही. परदेशातही बरेच जण एकेका प्रकल्पापुरतं काम करतात, शिकवण्या करतात आणि वाद्यं लावून देतात. हार्प्सिकॉर्ड बहुधा प्रत्येक तालमीआधी लावावा लागतो, त्यामुळे वालोत्ती नावाची जुनी लावणी कानाने वीस-पंचवीस मिनिटांत उरकणारा वादक आयोजकाचा वेगळ्या ट्यूनरचा खर्च वाचवतो. तानपुरा जुळवणारा हात ते लवकर शिकतो.