पंपकिन एल चाखताना घाई नको

अमेरिकेत ऑगस्ट सरता सरता दुकानांत पंपकिन एल, म्हणजे भोपळा आणि मसाले घालून केलेली बिअर, दिसू लागते. बाटली फ्रिजमधून काढली की लगेच ओतू नका, थोडा वेळ बाहेर ठेवा. १० ते १३ अंश सेल्सिअसला ती खरी खुलते. बर्फगार असली तर मसाल्याचा वास दबूनच राहतो. ग्लास तोंडाशी निमुळता घ्या आणि अर्धाच भरा.

आधी नुसता वास घ्या. दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ यांतलं काय पुढे येतं? भोपळ्याची चव मात्र शोधत बसू नका. ती मुळातच सौम्य, आणि आंबताना त्यातली साखरही बरीचशी संपते. म्हणून दुसऱ्या घोटाला मसाला सोडून माल्टकडे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या चवीकडे लक्ष द्या: कॅरॅमल, भाजलेल्या पावाची चव लागते का? माझ्या मते चांगल्या पंपकिन एलची परीक्षा इथेच होते. माल्ट जाणवलाच नाही आणि जिभेवर लवंगच रेंगाळली, तर मसाला जास्त झालाय.

डॉगफिश हेड या अमेरिकी ब्रुअरीची ‘पंकिन’ ७ टक्के अल्कोहोलची, सदर्न टियर या दुसऱ्या ब्रुअरीची ‘पमकिंग’ ८.६ टक्क्यांची. दोन्ही चाखायच्या तर थोडी थोडीच ओता, सौम्य आधी, कडक नंतर, मध्ये पाणी. सोबत मुरलेलं चेडर चीज छान लागतं.