टीनएजर मुलांना हॉट फझ दाखवायचाय? मग आधी हे वाचा

हॉट फझ हा 2007 चा ब्रिटिश पिक्चर, डायरेक्टर एडगर राइट, समोर सायमन पेग आणि निक फ्रॉस्ट ही जोडी, आणि पोलीसवाल्या ॲक्शन पिक्चरची इतक्या प्रेमाने केलेली टिंगल मी तरी दुसरी बघितलेली नाही. पण पोस्टर बघून वाटतं की हलकीफुलकी कॉमेडी आहे, पहिला बराच भाग तसा आहेही, आणि मग मुलं शेजारी बसलेली असताना अचानक असं काहीतरी येतं की हात रिमोटकडे जातो. तशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय. खुनी कोण ते सांगणार नाही, बाकी बरंच सांगणार आहे, त्यामुळे हे मुलांना वाचायला देऊ नका.

आधी वयाचं बघू. ब्रिटनमध्ये याला 15 चं सर्टिफिकेट आहे, म्हणजे तिथे पंधराच्या आतल्या पोराला थिएटरात घेतच नाहीत, आईबाबा सोबत असले तरी नाही. अमेरिकेत आर आहे, म्हणजे सतराच्या आतल्यांना मोठं माणूस सोबत लागतं. माझं मत विचाराल तर पंधरा-सोळाला खुशाल बघू द्या, तेरा-चौदाला तुम्ही शेजारी बसणार असाल तरच आणि आधी स्वतः एकदा पूर्ण बघून, त्याच्याखाली नको. ओटीटीवर बघणार असाल तर मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावलेला असू द्या, नाहीतर तुम्ही ठरवताय तोपर्यंत त्यांचा बघून झालेला असतो.

आता नक्की काय आहे त्यात. निकोलस एंजल हा लंडनचा अतिहुशार पोलीस, इतका की त्याच्यामुळे बाकीचे नालायक दिसायला लागतात म्हणून वरिष्ठ त्याची बदली सँडफर्ड नावाच्या शांत खेड्यात करतात. तिथे हरवलेला हंस शोधा, कुंपणाची भांडणं सोडवा असली कामं, आणि जोडीला इन्स्पेक्टरसाहेबांचा मुलगा डॅनी, ज्याला पोलिसगिरी फक्त पिक्चरमधून माहितीये. मग गावात एकामागून एक माणसं मरायला लागतात आणि सगळे म्हणतात अपघात.

हे मृत्यूच खरा प्रश्न आहेत, कारण ते सगळे दाखवलेत. दोन जणांची मुंडकी धडावेगळी होतात आणि ती रस्त्यावर पडलेली दिसतात. चर्चच्या जत्रेत वरून दगडी शिखर एकाच्या डोक्यावर पडतं, डोकं फुटतं आणि धड क्षणभर तसंच उभं राहतं, हा अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात रक्तबंबाळ सीन. बागेतल्या कात्रीने एक खून होतो. स्फोटात घर उडतं, आतल्या माणसासकट. शेवटाकडे एकाच्या हनुवटीतून टोकदार वस्तू आरपार जाते, तो मरत नाही पण बघताना अंगावर काटा येतो. रक्त मुद्दामच अती केलंय, मोठ्यांना ते कळतं आणि हसू येतं, पण ज्या मुलाला साधं रक्त बघून गरगरतं त्याला "अरे हे खोटंय" सांगून काही उपयोग नाही. आपलं पोर कुठल्या प्रकारचं आहे ते सर्टिफिकेटपेक्षा तुम्हाला जास्त माहिती असतं, त्यावर विश्वास ठेवा. शेवटची मोठी गोळीबारी मात्र त्या मानाने सोपी आहे, आवाज प्रचंड, पण एंजल लोकांना मारत सुटत नाही, जखमी करून पकडतो.

शिव्या भरपूर. पोलीस स्टेशनात शिवीमागे दंड भरायचा डबासुद्धा ठेवलाय. सेक्सचे सीन नाहीत, पण पोलीसबाई झालेल्या ऑलिव्हिया कोलमनच्या तोंडी चावट जोक आहेत. पबमध्ये पिणं सतत चालू असतं. आणि एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: एका पात्राच्या आईने आत्महत्या केल्याचा उल्लेख येतो, फार लांबवलेला नाही, पण तुमच्या घरात किंवा मुलाच्या मित्रांत असं काही घडलेलं असेल तर हे आधी माहिती असलेलं बरं.

दाखवायचं ठरलं की थोडी तयारी करा, नाहीतर निम्मे जोक वाया जातात. विडंबन कळायला मूळ गोष्ट माहिती पाहिजे, आणि इथे आपल्या पोरांना हिंदी पोलीसपटांचा फायदाच होतो, स्लो मोशनमधली एन्ट्री, गाडीचा दरवाजा उघडून आधी फक्त बूट दिसणं, हिरो उडी मारताना दोन्ही हातांत पिस्तुलं, हे सगळं त्यांनी लहानपणापासून बघितलंय. डॅनी एंजलला नेमकं हेच विचारत असतो, तू कधी उडी मारता मारता दोन बंदुका चालवल्यास का, आणि एंजल वैतागून नाही म्हणतो. मुलांना सांगा हे प्रश्न लक्षात ठेवायचे. मुद्दाम होमवर्क म्हणून पॉइंट ब्रेक आणि बॅड बॉइज 2 हे अमेरिकन पोलीसपट दाखवायची गरज नाही, पिक्चरमध्ये एंजल आणि डॅनी स्वतःच सोफ्यावर बसून ते बघतात तेवढं पुरतं, शिवाय बॅड बॉइज 2 अमेरिकेत स्वतःच आर आहे.

दुसरी गोष्ट आधी सांगायची ती म्हणजे ब्रिटनमध्ये साधे पोलीस बंदूक बाळगत नाहीत. हे माहिती नसेल तर डॅनीचं बंदुकांचं वेड निव्वळ बावळटपणा वाटतो, माहिती असेल तर शेवटचा सगळा धुडगूस दुप्पट मजेशीर होतो. आणि फॉर्म भरण्याचे सीन नीट बघायला सांगा, कागद, पेन, शिक्के, सगळं बॉम्बस्फोटाच्या स्पीडने कापलंय, एडिटिंगची आवड असलेल्या मुलाला तेवढ्यावर तासभर बोलता येईल.

इंग्लिश सबटायटल लावाच. एक म्हातारा शेतकरी असं बोलतो की एक पोलीस त्याचं भाषांतर करतो आणि डॅनी त्या पोलिसाचं, तिथे नाही कळलं तरी चालतं, पण बाकीचे जोक वेगाने येतात. पिक्चर दोन तासांचा आहे, रात्री उशिरा लावू नका, पहिल्या भागात पेरलेलं सगळं शेवटी उगवतं आणि पेंगुळलेल्या पोराला ते सापडणार नाही.

बघून झाल्यावर लगेच लेक्चर देऊ नका, पण दोन ठिकाणं बोलायला खरंच चांगली आहेत. एक, डॅनी पहिल्याच रात्री दारू पिऊन गाडी चालवताना पकडला जातो, आणि साहेबांचा मुलगा म्हणून स्टेशनात सगळ्यांना केक खायला घालण्यावर भागतं. सगळे हसतात, आपणही हसतो. मुलांना विचारा, तोच माणूस साहेबांचा मुलगा नसता तर? आपल्याकडच्या पोरांना याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. दुसरं, "सगळ्यांच्या भल्यासाठी" हे शब्द पिक्चरमध्ये एका सुरात म्हटले जातात, कोण म्हणतं ते कळल्यावर पोरं हसता हसता थांबतात. गाव स्वच्छ दिसावं, सगळ्यात चांगल्या गावाचं बक्षीस मिळावं म्हणून कुणाकुणाला नकोसं ठरवायचं, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाला व्यवस्थित कळतो, आणि मला वाटतं पिक्चर दाखवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

आवडला तर ते याच टीमचे बाकीचे मागतील. 2004 चा शॉन ऑफ द डेड आणि 2013 चा द वर्ल्ड्स एंड, दोन्हींना ब्रिटनमध्ये 15 च आहे. शॉनमध्ये झोंबी आहेत आणि जवळच्या माणसांचे मृत्यू आहेत, ते हॉट फझपेक्षा जास्त लागतात. वर्ल्ड्स एंड दारूच्या व्यसनाभोवती फिरतो, तो सोळा-सतरापर्यंत थांबला तरी चालेल.