आईच्या ई-रीडरवर पुस्तक उघडेना, तेव्हा

देवगडला पावसात वीज गेली की आईला ई-रीडरचाच आधार. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. परवा तिच्यासाठी विकत घेतलेलं पुस्तक त्यावर उघडेचना. फाइलचा आकार पाहिला, जेमतेम २ केबी! तिथेच उलगडा झाला. ती .acsm नावाची एसीएसएम फाइल होती, म्हणजे पुस्तक नव्हेच, ते आणायची नुसती चिठ्ठी. लॅपटॉपवर अडोबी डिजिटल एडिशन्स हा ई-पुस्तकांचा प्रोग्राम टाकला, अडोबी आयडीने (अडोबीच्या खात्याने) ऑथराइज केला, चिठ्ठी त्यात उघडली आणि खरं ईपब, म्हणजे पुस्तकाची फाइल, उतरलं. मग केबल जोडून ते रीडरवर घेतलं. दोन्हीकडे आयडी एकच हवा, नाहीतर पुस्तकाची नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप उघडत नाही. अ‍ॅमेझॉनच्या किंडल रीडरला हा उपाय लागू नाही. तिथलं कुलूपच वेगळं. पैसे मोजलेल्या वाचकाला एवढी यातायात पडू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या रात्री आई उशिरापर्यंत वाचत होती.