तेराव्यानंतर रिकामे होणारे घर: आत्महत्या रोखताना गावाने टाळायच्या चुका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी गावांत एखाद्याने आत्महत्या केली की पहिले काही दिवस त्या घरात उभे राहायला जागा नसते. चूल बंद असते, भाकरी शेजारून येते, रक्षाविसर्जनाला सारी गल्ली जमते. तेरावा उरकला की मात्र भाड्याच्या खुर्च्यांबरोबर माणसेही परत जातात. माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. आत्महत्येने जवळचे माणूस गमावलेल्यांना स्वतःलाही तसाच धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि आपली ये-जा थांबते ती नेमकी धक्का ओसरून पोकळी जाणवू लागते तेव्हा.

“काही लागले तर सांगा” असे म्हणून भागत नाही, कारण त्या अवस्थेतला माणूस सांगायला येत नसतो. त्यापेक्षा युवक मंडळाने किंवा महिला मंडळाने दोघांवर जबाबदारी सोपवून वहीत तारखा लिहून ठेवाव्यात: पहिला महिना, सोसायटीच्या कर्जाची मुदत, मुलांची शाळा सुरू होण्याचा आठवडा, वर्षश्राद्ध. आमच्या गल्लीतील एका बाईंनी चार महिन्यांनी सांगितले की, हळदीकुंकवाची बोलावणी थांबली त्याहून, आता कोणी नवऱ्याचे नावही काढत नाही, हे जास्त लागते. त्यांना त्रास नको म्हणून आम्ही सारे गप्प होतो.

दुसरी चूक पहिल्याच दिवशी, पंचनाम्याच्या गडबडीत होते. घराण्याची अब्रू जाऊ नये किंवा चौकशी लांबू नये म्हणून गावातला कोणी जाणता “पोटदुखीला कंटाळून” असा जबाब द्यायला सुचवतो, आणि कन्नडमध्ये लिहिलेल्या त्या कागदावर मराठी शाळेत शिकलेली विधवा न वाचताच सही करते. कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला कर्नाटक सरकारकडून पाच लाख रुपयांची भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तो अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो, तेव्हा जमिनीचा उतारा आणि कर्जाची कागदपत्रे यांच्याबरोबर हाच जबाब काढला जातो आणि त्यातली पोटदुखी आडवी येते. खोटे कर्ज सांगावे असे मी म्हणत नाही. जे होते ते सांगावे, कन्नड वाचणाऱ्या विश्वासू माणसाकडून कागद मोठ्याने वाचून घ्यावा आणि मगच सही करावी.

कर्जाच्या वसुलीत तर गावच सामील होते. छोट्या कर्जांच्या गटात एकीचा हप्ता थकला की बाकीच्या बायका तिच्या दारात जाऊन बसतात, कारण त्यांच्यावरही कंपनीचा दबाव असतो. अशा जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकने २०२५ मध्ये कायदा आणला आहे, तेव्हा दारात बसण्याऐवजी पंचायतीत किंवा पोलिसांकडे तक्रार करण्यासाठी तिच्याबरोबर जावे.

चौकातल्या मोठ्या फ्लेक्सविषयी बोलले की मंडळातली मुले रागावतात, तरीही लिहितो. तरुणाने जीव दिल्यावर त्याचा देखणा फोटो, पराक्रमी वीरासारखे शब्द आणि दिवसभर फिरणारे स्टेटस यांचा परिणाम त्याच मनःस्थितीतल्या दुसऱ्या मुलावर होऊ शकतो. श्रद्धांजली जरूर वाहावी. मात्र मृत्यूचा प्रकार, जागा, चिठ्ठीतला मजकूर आणि “अमक्यामुळेच गेला” असे एकच कारण त्यात नसावे. ते एकच कारण बहुधा खरेही नसते, आणि त्याचे ओझे घरातल्या एखाद्यावर जन्मभर राहते.

“मला आता कंटाळा आला, तुम्हाला त्रास नको” असे कोणी वारंवार बोलू लागले, तर “डोक्यात काही घेऊ नकोस” एवढ्यावर विषय मिटवू नये. जीव द्यावासा वाटतो का, असे थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट पुष्कळांना बोलायला वाट मिळते. त्या काळात माणसाला एकटे सोडू नये आणि शेतीची औषधे घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवावीत. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागही आहे.

प्रयत्नातून वाचलेल्याला “पोलीस केस होईल” या भीतीने लपवून ठेवण्यात मौल्यवान वेळ जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ राहिलेले नाही. सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपवाद आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते, जबाबही होतो, पण त्याचा अर्थ गुन्हा नव्हे. घरी आल्यावर मात्र वहीत त्याचेही नाव लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतील अभ्यासात, ज्यात भारतातून चेन्नई होते आणि ज्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, अशा रुग्णांशी १८ महिन्यांत नऊ वेळा संपर्क ठेवल्यावर आत्महत्येने होणारे मृत्यू स्पष्टपणे कमी झालेले दिसले. नऊ वेळा म्हणजे फार नव्हे, एक फोन किंवा एक फेरी; मात्र त्यातल्या पाच वेळा पहिल्या तीन महिन्यांतच होत्या.

सुतकी घरात पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, म्हणून भावकीतून डबे जातात, ही रीत आपल्याकडे आहेच. तो डबा दारात देऊन लगबगीने परत फिरू नये. आत जाऊन बसावे, आणि गेलेल्याचे नाव निघाले तर विषय बदलू नये.