रेल्वेचं काम कुठं अडलंय, हे शोधायचं कसं

बीडला पहिली प्रवासी गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाची मंजुरी 1995-96 ची. तेव्हा मी कॉलेजात होते, आज माझी लेक कॉलेजात आहे. इतकी वर्षं आम्ही सगळे एकच विचारत राहिलो, "गाडी कधी येणार?" त्याला कुणीही काहीही उत्तर देतं. तुमच्या भागात मार्ग मंजूर असेल तर विचारा, "काम कोणत्या शिवारात, कशापायी थांबलंय?"

आधी पैसा बघा. अर्थसंकल्पानंतर रेल्वेच्या संकेतस्थळावर झोनवार 'पिंक बुक' येतं, म्हणजे कोणत्या कामाला किती तरतूद याची यादी. नव्या मार्गांच्या यादीत आपलं नाव काढा. एकूण अपेक्षित खर्चातून आजवरचा खर्च वजा करा आणि उरलेल्याला यंदाच्या तरतुदीनं भागा. तेवढी वर्षं नुसती पैशापायी जाणार. आमचा मार्ग 353 कोटींचा होता, तो 4,805 कोटींवर गेला. शिवाय निम्मा वाटा राज्याचा, म्हणून राज्याचा अर्थसंकल्पही चाळायचा.

खरी वर्षं खाते ती जमीन. मार्ग 261 किलोमीटरचा. मधल्या एका शिवाराचा ताबा मिळाला नाही, तर अलीकडचा-पलीकडचा भराव तयार असूनही गाडी पुढं जात नाही. आमचं दीड एकर गेलं. सातबारावर नाव आजोबांचं, आणि ते वारून वीस वर्षं झालेली. वारस सात, दोन आत्या पुण्याला. मोबदल्याचा निवाडा झाला तरी रक्कम कुणाच्या नावे काढायची हेच ठरेना. वारसांचा फेरफार होईपर्यंत दीड वर्ष गेलं, आणि तोवर चुलत्यांनी ताबा दिला नाही. म्हणून हात जोडून सांगते, मोजणीची नोटीस यायची वाट न बघता आजच तलाठ्याकडं वारस नोंद लावा. संयुक्त मोजणीला स्वतः बांधावर उभे राहा. विहीर, पाइपलाइन, आंब्याचं एकेक झाड पंचनाम्यात लिहून घ्या. सुटलं असेल तर सही करताना तिथंच हरकत लिहा. नंतरची हरकत कोर्टात जाते आणि सगळ्यांचीच वर्षं घेते.

गावाचं नेमकं कळत नसेल तर जिल्ह्याच्या भूसंपादन कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत 30 दिवस. गटनिहाय तीनच गोष्टी मागा : मोजणी, निवाडा आणि ताबा यांच्या तारखा. ज्या रकान्यात तारीख नाही, तिथं काम अडलंय.

रूळ पडले म्हणजे लगेच गाडी सुटते, असंही नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त स्वतः तपासणी करतात, वेगाची चाचणी होते, मगच प्रवासी बसतात. तेवढा वेळ द्यायलाच हवा. चाचणीच्या दिवसांत शेळ्या आणि पोरं रुळांपासून लांब ठेवा.

आष्टीपर्यंतचे 66 किलोमीटर सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाले, तिथून बीडला यायला आणखी तीन वर्षं. बीडला गाडी आली त्या दिवशी परळीचा टप्पा बाकीच होता. गावोगावच्या या तारखा मी वहीत टिपते, आणि तिच्यात आता त्या बाजूच्या गावांची पानं सुरू झाली आहेत.