गॅरेजमधून गाडी घेताना आधी ब्रेक दाबा

नवे ब्रेक पॅड टाकले की पहिल्यांदा पेडल थेट खाली जाऊ शकतं. माझं गेलं होतं, तेही गॅरेजच्या उतारावर! तेव्हापासून गाडी हलवण्याआधी एवढं करतो:

१. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबायचं.
२. पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली जातं, ते ठीक. पण अर्धा मिनिट दाबून धरल्यावर हळूहळू खचत गेलं, तर गळती किंवा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग) तपासायला सांगा.
३. बॉनेट उघडून ब्रेक ऑइल त्याच्या डबीवरच्या ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ खुणांच्या मध्ये आहे ना, बघायचं.

पेडल स्पंजसारखं लागलं तर ब्रेक ऑइलच्या लाईनमध्ये हवा असू शकते. गॅरेजवाले “चालवल्यावर बसेल” म्हणाले तरी गाडी रस्त्यावर काढू नका, तिथेच एअर काढून घ्या.